१९०९ च्या न्यूयॉर्क ते सिएटल रेसमध्ये उतरायचंय? मग ही तयारी करा

धरून चला की १९०९ चा मे महिना चाललाय, तुमच्या खिशात पैसे खुळखुळतायत, अंगात थोडा वेडेपणा आहे आणि १ जूनला न्यूयॉर्कहून सुटणाऱ्या मोटार रेसमध्ये तुम्हाला उतरायचंय. पोचायचंय सिएटलला, अंतर ४,१०६ मैल, मध्ये अख्खी अमेरिका आडवी पडलीय. मी जुन्या गाड्यांचं वेड असलेला माणूस, त्यामुळे या रेसबद्दल मिळेल ते वाचत आलोय. लोक फक्त "जिंकलं कोण" विचारतात, आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर पण जूनमध्ये एक होतं न् नोव्हेंबरमध्ये दुसरंच झालं, ते शेवटी सांगतो. आधी पोचायचं कसं ते बघू.

रेस कशासाठी आहे ते पहिलं माहीत करून घ्या. सिएटलला अलास्का-युकॉन-पॅसिफिक एक्स्पोझिशन नावाचं मोठं प्रदर्शन भरतंय, त्याची हवा करायला खाणवाल्या घराण्यातल्या रॉबर्ट गुगेनहाइमनं ट्रॉफी आणि बक्षीस लावलंय. प्रेसिडेंट टाफ्ट व्हाइट हाउसमध्ये बसून सोन्याच्या खड्यांनी मढवलेली तारायंत्राची कळ दाबणार, तिकडे प्रदर्शन सुरू होणार, आणि इकडे न्यूयॉर्कचा मेयर मॅक्लेलन सिटी हॉलसमोर सोनेरी पिस्तुलाचा बार काढणार की गाड्या सुटणार. थाट बघून भुलू नका. सुटायला गाड्या जेमतेम पाच आहेत: फोर्डच्या दोन मॉडेल टी, शॉमट, अ‍ॅकमे आणि इटलीहून आलेली इटाला. सहावी स्टर्न्स, ती काही दिवस उशिरा सुटली आणि न्यूयॉर्कच्या आसपासच गळाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

रस्ते हा शब्द पण जपून वापरा. १९०४ साली मोजणी झाली तेव्हा देशात गावाबाहेरचे रस्ते साधारण २१ लाख ५० हजार मैल भरले आणि त्यातले खडी वगैरे टाकलेले जेमतेम ७ टक्के, बाकी नुसती बैलगाडी-घोडागाडीनं पाडलेली वाट, पाऊस पडला की चिखल आणि वाळला की धूळ. आणि ती ७ टक्के पण बरीचशी पूर्वेकडे, तुम्हाला जिथे गरज आहे तिथे फारशी नाहीत.

गाडी कुठली घ्यायची

यावर मी वाद घालायला तयार आहे. हलकी घ्या. शॉमट, अ‍ॅकमे, इटाला या चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या घरातल्या दणकट गाड्या, आणि फोर्ड बापडी २० हॉर्सपॉवरची, चार सिलिंडर, वजन १,२०० पौंडांच्या आसपास, आणि रेससाठी बॉडी काढून टाकल्यावर तर अजूनच काडीपैलवान. किंमत ८५० डॉलर. बाजारात येऊन वर्ष पण झालेलं नाही, १९०८ च्या शरद ऋतूत पहिल्या गाड्या निघाल्या. न्यूयॉर्कच्या गर्दीत ही गाडी बघून लोक हसले असतील तर मला नवल वाटणार नाही. पण कॅन्ससच्या चिखलात रुतल्यावर तुमच्याबरोबर आहे कोण? तुम्ही आणि तुमचा जोडीदार. दोघांनी मिळून चाकाखाली फळी सारून, खांदा लावून जी गाडी उचलता येते तीच पुढे जाते, आणि जी उचलायला घोड्यांची जोडी शोधायला लागते ती शेतकरी उठेपर्यंत तिथेच बसते.

शिवाय मॉडेल टीचं पोट जमिनीपासून चांगलं उंच आहे, पुढे-मागे एकेक आडवी कमान स्प्रिंग आहे, त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि दुसरं ढेकळावर असलं तरी चॅसिस पिळवटत नाही. स्टील व्हॅनेडियमचं, म्हणजे पातळ असून चिवट. जड गाडीत ताकद जास्त असते हे खरं, पण ती ताकद स्वतःचं वजन ओढण्यातच जाते.

जोडीदार निवडताना एक उघडं गुपित सांगतो. फोर्ड नंबर २ मध्ये बर्ट स्कॉट आणि जिमी स्मिथ होते, आणि नंबर १ मध्ये फ्रँक कुलिक, म्हणजे फोर्डचा जुना रेसिंगचा ड्रायव्हर, आणि त्याच्या बाजूला एच. बी. हार्पर. या हार्परनं नंतर रेसची सगळी हकिगत लिहिली आणि ती फोर्डनंच छापून वाटली. म्हणजे दोघांपैकी एकाला पाना चालवता आला पाहिजे आणि दुसऱ्याला पेन. रेसमध्ये तिसरे येऊन सुद्धा यांचं नाव राहिलं त्यात या पेनाचा वाटा केवढा ते बघा.

नियम वाचा, खरंच वाचा

हे कंटाळवाणं आहे पण इथेच घोडं पेंड खातं. इंजिन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, फ्रेम, स्टिअरिंग असे मोठे भाग वाटेत बदलायचे नाहीत, निघताना त्यांच्यावर शिक्के मारलेले असतात. टायर, स्प्रिंग, बारीकसारीक सामान बदला, दुरुस्ती हवी तेवढी करा, पण शिक्का मारलेला भाग तोच राहिला पाहिजे. वाटेत ठिकठिकाणी चेकिंग स्टेशनं आहेत, तिथे हजेरी लावायची. सेंट लुईसपर्यंत वेगावर बंधन आहे, आरामात जायचं, सगळे जवळपास बरोबरच पोचतात आणि खरी रेस तिथून पुढे मोकळी सुटते. त्यामुळे पूर्वेकडच्या बऱ्या रस्त्यांवर मर्दुमकी दाखवून काही फायदा नाही, त्या दिवसांत झोप काढा, गाडीचे आवाज ओळखा, नटबोल्ट रोज संध्याकाळी आवळा.

मार्ग पाठ करा: बफेलो, शिकागो, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, डेन्व्हर, शायेन, मग वायोमिंगची उजाड पठारं, आयडाहो, वॉशिंग्टन राज्यात वाला वाला आणि शेवटी कॅस्केड डोंगर ओलांडून सिएटल. रस्त्यांना नंबर नाहीत, पाट्या नाहीत, "लाल गोठ्यापाशी डावीकडे" छापाच्या सूचना, आणि गोठा रंगवला तर संपलं. म्हणून लोकल वाटाड्या घ्यावा लागतो. फोर्डला वाटेत आपले एजंट होते, ते पुढच्या गावापर्यंत बरोबर यायचे, हा मोठा फायदा. पण वाटाड्याला नीट पारखा. "इथून किती वेळा गेलायस, आणि चाकावर गेलायस की घोड्यावर" हे दोन प्रश्न विचाराच, कारण घोडा जातो तिथे गाडी जाते असं समजणारा माणूस तुमचा अख्खा दिवस खाईल.

गाडी सुरू कशी करायची

आता हाताशी या, हे नीट शिकवतो कारण इथे हाडं मोडतात.

सेल्फ वगैरे काही नाही, पुढून हँडल मारायचं. स्टिअरिंगच्या खाली दोन कांड्या आहेत, डावीकडची स्पार्कची, उजवीकडची गॅसची म्हणजे थ्रॉटलची. डावी कांडी पूर्ण वर ढकला, म्हणजे स्पार्क उशिरा पडेल. हे विसरलात तर ठिणगी आधी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मनगटावर बसतं. उजवी कांडी थोडीशी खाली. हँडब्रेक ओढलेला पाहिजे, नाहीतर सुरू झालेली गाडी तुमच्याच अंगावर येईल, हसू नका, असे लोक स्वतःच्या गाडीखाली आलेत. मग पुढे जा, रेडिएटरपाशी चोकची तार बाहेर आलेली दिसेल ती ओढून धरा आणि हँडल दोन-तीन वेळा सावकाश फिरवा की पेट्रोल आत येतं. मग आत स्विच लावा, डॅशवरच्या लाकडी पेटीतली कॉइल झुंईईई आवाज करायला लागते, तो आवाज आला की जीव भांड्यात.

शेवटचा झटका डाव्या हातानं, खालून वर. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. मी एकदा हौसेनं एका जुन्या गाडीला उजव्या हातानं, अंगठा गुंडाळून हँडल मारलं होतं, आठवडाभर पेन धरता येत नव्हतं, आणि ते नशीब म्हणायचं.

चालवणं अजून वेगळं. पेडल तीन, पण आपल्याला माहीत असलेले नाहीत. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, पूर्ण सोडलं की हाय. मधलं रिव्हर्स. उजवं ब्रेक. गॅस पायाला नाहीच, हातात. (अगदी पहिल्या काही शेकडो गाड्यांत पेडल दोनच होते आणि रिव्हर्स लिव्हरवर होता, तशी गाडी हाती आली तर गोंधळू नका.) आता यातली मेख अशी की लो गिअर पायानं दाबून धरला तोपर्यंतच राहतो. म्हणजे मैलभर चिखल असेल तर मैलभर डावा पाय ताणून धरायचा. पोटरीत गोळे येतात, मग माणूस पाय अर्धा ढिला करतो, आणि पाय अर्धा ढिला केला की लो गिअर आवळून धरणारा आतला पट्टा घसरतो, घासतो, त्याचं अस्तर जळतं. त्या अस्तराचे जादा पट्टे बरोबर घ्याच घ्या आणि दर तासाला ड्रायव्हर बदला.

चढाचं एक तंत्र. टाकी सीटखाली आहे, पेट्रोल पंपानं नाही, आपल्या वजनानं उताराला लागून इंजिनात जातं. चढ फार उभा असेल आणि टाकी कमी भरलेली असेल तर इंजिन टाकीपेक्षा उंच जातं आणि गाडी घशाला कोरड पडून बंद. उपाय एकदम सोपा, गाडी फिरवा आणि रिव्हर्समध्ये चढा. रिव्हर्सची ओढ पण लोपेक्षा जास्त. उलट्या तोंडानं डोंगर चढताना ऐट राहत नाही पण वर पोचता. आणि टाकी सीटखाली असल्यानं पेट्रोल भरताना सीट काढावी लागते, तेव्हा बघ्यांच्या गर्दीत सिगार ओढणाऱ्यांना आधी लांब हाकला.

बरोबर काय घ्यायचं

हलकी गाडी घेऊन त्यावर अडगळ लादली तर काय उपयोग, म्हणून मोजकंच. फावडं, कुदळ, लांब दोर, कप्पी, दोन फळ्या, चाकांच्या साखळ्या, जादा टायर आणि ट्यूब, तेलाचा डबा, पाण्याची पिशवी, पाने, तार. तार भरपूर घ्या, अर्धी गाडी शेवटी तारेवरच सिएटलला पोचते.

तेलाचं लक्ष ठेवा, या इंजिनाला ऑइल पंप नाही, फ्लायव्हील तेल उडवतं तेवढंच. खाली दोन छोट्या तोट्या आहेत. वरची उघडून तेल आलं तर भरपूर आहे, वरून येत नाही पण खालच्यातून येतं तर चालेल, खालच्यातून पण येत नसेल तर जागचे हलू नका. तोटी बघायला गाडीखाली चिखलात झोपायला लागतं, त्याचा कंटाळा केला की बेअरिंग गेलंच.

पंक्चर रोज होणार. सुटी चाकं किंवा सुटी रिम विसरा, चाक गाडीवर ठेवूनच टायर सोलायचा. जॅक लावा, लिव्हरनं टायरची कडा रिमच्या ओठातून बाहेर काढा, ट्यूब ओढा, खिळा शोधा (टायरच्या आतून हात फिरवून, नाहीतर तोच खिळा परत), ट्यूब घासा, सोल्युशन लावा, ते वाळू द्या, घाई करू नका, मग ठिगळ. परत बसवताना ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटीत सापडली तर सगळं पहिल्यापासून. मग हातपंपानं ६० पौंडांच्या आसपास हवा. हे उन्हात, माशा अंगावर घेऊन, दिवसातून तीन वेळा केलं की रेस हा शब्द किती खोटा आहे ते कळतं.

चिखल, पाणी, रेल्वे

जून १९०९ मध्ये पावसानं मिसूरी, कॅन्सस, कोलोरॅडोकडे वाट लावली होती. तिकडच्या काळ्या चिकट चिखलाला लोक गंबो म्हणतात, तो चाकाला चिकटतो, वर अजून चिकटतो, शेवटी चाक फिरतं आणि गाडी हलत नाही. रुतलात की पहिलं काम गॅस सोडायचा. चाक नुसतं फिरवत राहिलात तर ते स्वतःची कबर खोदतं. उतरा, चाकाभोवतीचा चिखल फावड्यानं खरवडा, साखळ्या चढवा, फळी तिरकी सारा, एकानं मागून उचलायचं आणि दुसऱ्यानं हळूच लोमध्ये घ्यायचं. तरी नाही निघाली तर कप्पी, आणि आजूबाजूला झाड नसेल, बहुतेक नसतंच, तर पुढे खड्डा करून त्यात जाडजूड ओंडका आडवा पुरा आणि दोर त्याला बांधा. हे काम अंधार पडायच्या आत करा.

ओढा लागला तर आधी चालत जा. पाणी मांडीच्या वर असेल तर थांबा, खाली असेल तर फॅनचा पट्टा काढून ठेवा, नाहीतर फॅन सगळं पाणी इंजिनावर उडवतो आणि मध्येच बंद पडते. कॉइलची पेटी फडक्यात गुंडाळा. तळाला वाळू सरकती असेल तर मध्ये थांबायचं नाही, काही झालं तरी नाही.

आणि पूल नसेल तर रेल्वेचा पूल असतो. हे मी गंमतीत सांगत नाहीये. आदल्या वर्षी, १९०८ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस रेस झाली, १२ फेब्रुवारीला टाइम्स स्क्वेअरमधून सहा गाड्या सुटल्या, तीन फ्रेंच, एक जर्मन, एक इटालियन आणि अमेरिकेची थॉमस फ्लायर. वायोमिंगकडे बर्फात रस्ताच सापडेना तेव्हा थॉमसवाल्यांनी युनियन पॅसिफिक रेल्वेची परवानगी काढली आणि स्पेशल ट्रेन असल्यासारखी गाडी रुळांमधल्या स्लीपरवरून नेली. तुम्हाला करायचं असेल तर: परवानगी लेखी, वेळापत्रक हातात, एकानं पुढे-मागे नजर ठेवायची, आणि टायरची हवा थोडी कमी. प्रत्येक स्लीपरला गाडी उडते, दात वाजतात, टायर फाटतात. थॉमस सॅन फ्रान्सिस्कोला पोचली ती ४१ दिवस ८ तास १५ मिनिटांनी. ती गाडी पुढे जपान, सायबेरिया करत ३० जुलैला पॅरिसला पोचली, आणि तिथे पोलिसानं अडवलं कारण पुढचा दिवा पेटत नव्हता! एका सायकलवाल्यानं आपल्या सायकलचा दिवा दिला, तो सुटेना म्हणून अख्खी सायकलच गाडीवर चढवली म्हणतात. म्हणून दिव्याचं काम आधीच करून ठेवा: कार्बाइडच्या डब्यात नवे खडे, वरच्या कप्प्यात पाणी, थेंब थेंब पडेल एवढीच तोटी उघडी, रबरी नळीतून गॅस आला की काडी ओढा. सकाळी आतला पांढरा गाळ काढून टाका, नाहीतर रात्री ऐन वेळी दिवा फुरफुरतो आणि विझतो.

स्नोक्वाल्मी आणि नंतर

शायेनला इटालावाल्यांनी हात टेकले. तुम्ही तिथवर आलात तर बरंच आलात, पण खरी परीक्षा शेवटी आहे. सिएटलच्या आधी स्नोक्वाल्मी खिंड, जून संपत आला तरी वर बर्फ. फोर्ड नंबर १ तिथेच बर्फाखाली दडलेल्या दगडावर आपटली आणि दुरुस्तीत कित्येक तास गेले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. म्हणून तिथे एकानं काठी घेऊन पुढे चालायचं, बर्फात टोचत टोचत, आणि गाडीनं त्याच्या पावलांवरून यायचं. सकाळी लवकर निघा, बर्फ कडक असतो, दुपारी बसतो.

नंबर २ मात्र निघाली. २३ जूनला दुपारी सिएटलला पोचली, २२ दिवस लागले. स्वागताला स्वतः हेन्री फोर्ड हजर. शॉमट साधारण १७ तासांनी आली, मग फोर्ड नंबर १, आणि अ‍ॅकमे बरीच मागून. फोर्डनं लगेच जाहिरातींचा धडाका लावला, ८५० डॉलरच्या गाडीनं महागड्या गाड्यांना धूळ चारली म्हणून.

आता नियमांकडे परत या. शॉमटवाल्यांनी तक्रार केली की नंबर २ नं वाटेत इंजिन बदललंय. आधी कुणी ऐकलं नाही. पाच महिन्यांनी ऐकलं, फोर्डला बाद केलं आणि विजेता म्हणून शॉमटचं नाव आलं. तोवर मॉडेल टीचं नाव गावोगावी झालं होतं, आणि शॉमट कंपनीची अवस्था अशी की रेसच्या आधीच कारखाना आगीत गेलेला, विजयाची जाहिरात करायला विकायला गाड्याच नाहीत, लवकरच कंपनी बुडाली. माझं मत विचाराल तर स्कॉट आणि स्मिथनं गाडी अफलातून चालवली आणि इंजिन बदललं असेल तर बाद होणंही बरोबरच.

तेव्हा तुम्ही दुसरे पोचलात आणि पुढच्यावर संशय असेल तर हार-तुरे घेत बसू नका. त्याच दिवशी, पुढची गाडी प्रदर्शनात मांडायच्या आधी, बॉनेट उघडून शिक्के तपासायची मागणी लेखी द्या, वेळ टाका, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. मग आंघोळ करा.